पूर्वजांचं जन्मगाव शोधताना: जुनी जनगणना आणि गावचं दप्तर

माझ्या पणजोबांच्या जन्माची नोंद मी दोन वर्षं चुकीच्या कचेरीत शोधत होतो. ते मुंबईत गिरणगावात राहिले आणि गिरणीतच त्यांची नोकरी संपली. घरात एवढंच माहीत होतं, की आपण ‘साताऱ्याकडच्या वडगावचे’. वडगाव सापडलं, त्यांच्या भावंडांच्या नोंदीही सापडल्या, पण त्यांची स्वतःची नोंद काही मिळेना. ती का मिळत नव्हती आणि शेवटी कुठे मिळाली, ते पुढे येईलच. हा शोध नव्याने सुरू करणाऱ्यांची तेवढी दोन वर्षं वाचावीत म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

सुरुवातीला जनगणनेबद्दल

इंटरनेटवर वंशावळ शोधायला बसलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: जुनी जनगणना उघडा, पणजोबांचं नाव टाका, जन्मगाव समोर येईल. इंग्लंड-अमेरिकेत हे खरं आहे. इंग्लंडच्या १८५१च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे जन्माचा परगणा आणि गाव लिहिलेलं असतं. १९२१ची पानं शंभर वर्षांनी, म्हणजे जानेवारी २०२२मध्ये लोकांना खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे आणि १९५०ची जनगणना एप्रिल २०२२मध्ये खुली झाली.

आपल्याकडे तसं नाही. १७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री देशभर एकाच वेळी पहिली शिरगणती झाली, तेव्हा गणनेदारांनी घरोघरची माणसं लिहून घेतली होती. जन्म कुठे झाला, हाही प्रश्न होता. पण आकड्यांचे तक्ते तयार झाले की मूळ कागद मोडीत काढले जात. स्वातंत्र्यानंतर १९४८चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५प्रमाणे वैयक्तिक नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणून जनगणना कार्यालयाकडे पणजोबांचं नाव मागायला जाऊ नका.

मग जनगणनेचा उपयोग काय? खूप आहे, पण वेगळा. ती आपल्याला गावं देते, माणसं देत नाही. कुठलं गाव कुठल्या तालुक्यात होतं, त्या नावाची किती गावं होती, कुठल्या जिल्ह्यातली माणसं कुठल्या शहरात गेली, हे सगळं तिच्यात आहे. नावं आहेत ती गावच्या दप्तरात. दप्तरात शिरण्याआधी कुठल्या गावचं दप्तर उघडायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला जनगणनेसारखं साधन नाही.

घरातली माणसं आणि घरातली पेटी

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशी निवांत बोला. बहुतेक घरांत ती आत्या किंवा मोठी काकू असते. ‘आपलं गाव कोणतं?’ एवढंच विचारलं तर तालुक्याचं नाही तर जिल्ह्याचं नाव ऐकायला मिळतं. मुंबईत आलेला माणूस आपलं छोटं गाव सांगत नसे. ‘राजापूरचे’, ‘महाडचे’, ‘साताऱ्याचे’ म्हणून मोकळा होई, आणि पुढच्या पिढीला तेच गावाचं नाव वाटू लागे. म्हणून प्रश्न वेगळे विचारा.

आठवड्याच्या बाजाराला कुठे जायचे? चालत की गाडीने? कुलदैवत कोणतं, जत्रा कधी? नदी कुठली होती? मुली कुठल्या गावांना दिल्या, सुना कुठून आणल्या? शेजारचं कुठलं गाव बोलण्यात यायचं? एसटीतून उतरायचे तो फाटा कोणता?

बाजाराचा प्रश्न सर्वांत कामाचा. माझी आत्या कधी गावाला राहिली नव्हती, पण तिला एक वाक्य पाठ होतं: आजी म्हणायची, कराडच्या बाजाराला पहाटे निघायचं. त्या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं.

वर्ष विचारू नका, घटना विचारा. मुंबईत प्लेग आला १८९६ साली. १९१८मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिला जुनी माणसं नुसतं ‘तापाचं साल’ म्हणायची. १९४२चं आंदोलन, गांधीहत्येनंतरची १९४८ची जाळपोळ, १९७२चा दुष्काळ. ‘तापाच्या सालानंतर वर्षाने झाला’ असं कुणी सांगितलं तर तो दाखल्यावरच्या १ जूनपेक्षा भरवशाचा पुरावा समजा. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकत, हे लक्षात ठेवा.

मग पेटी. जुने सातबारा, सावकाराच्या पावत्या, गिरणीचा पास, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं. पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का नीट पाहा. त्यात ज्या पोस्टाचं नाव आहे, त्याच्याच आसपास आपलं गाव असतं.

कोणतं वडगाव?

आता जनगणना उघडायची. १९५१पासून प्रत्येक जिल्ह्याची जिल्हा जनगणना पुस्तिका निघते. तिच्यात तालुक्यानुसार एकूण एक गावाचं नाव, क्षेत्रफळ, घरं आणि लोकसंख्या असते. भारताच्या जनगणना विभागाच्या डिजिटल ग्रंथालयात या पुस्तिका विनामूल्य आहेत. आपल्या जिल्ह्याची १९५१ आणि १९६१ची पुस्तिका उतरवून घ्या. शक्यतो नवी नको, जुनीच घ्या. धरणांखाली गेलेली आणि शहरांत मिसळलेली गावं जुन्या यादीत जागेवर असतात.

यादीतून आपल्या नावाची सगळी गावं वहीत उतरवा. सातारा जिल्ह्यातच कराड तालुक्यात वडगाव हवेली आहे आणि खटाव तालुक्यात वडगाव जयराम स्वामी आहे. पिंपळगाव, बोरगाव, निंबगाव, पिंपरी यांची तर गणतीच नाही. त्यात खुर्द आणि बुद्रुक असतं. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, पण जुन्या कागदावर ही शेपटी बऱ्याचदा गळालेली असते. ‘तर्फ’, ‘कसबे’, ‘मौजे’, ‘पेठ’ हे शब्द गावाच्या नावाचा भाग नसून गावाचा प्रकार किंवा जुना महसुली विभाग सांगतात. यादीत ‘म’ खाली ‘मौजे’ शोधत बसू नका.

आता आत्याच्या उत्तरांची चाळणी लावा. खटावकडचा माणूस बाजाराला वडूजला किंवा पुसेसावळीला गेला असता. कराडला पहाटे चालत जाणारं घर कराड तालुक्यातलंच. एका संध्याकाळी नकाशा समोर ठेवून हे ठरवता येतं.

गाव काही केल्या कळत नसेल आणि नुसतं ‘कोकणातून मुंबईत आले’ एवढंच हाती असेल, तर जनगणनेचे जन्मस्थळाचे तक्ते पाहा. १८८१ साली मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती आणि त्यातले सव्वा लाखाहून जास्त लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९११मध्ये तर मुंबईतल्या दर पाच जणांपैकी चार जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. तुमचा माणूस कोण, ते हे तक्ते सांगणार नाहीत. पण तुमचे पणजोबा ज्या काळात आले त्या काळात कुठल्या जिल्ह्यातून लोंढा येत होता ते कळतं, आणि त्यावरून शोध कुठे सुरू करायचा हे ठरतं. गावाची माहिती हवी असेल तर जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेली मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरं वाचा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८०चा आहे, साताऱ्याचा १८८५चा. राज्याच्या दर्शनिका विभागाने ती ऑनलाइन ठेवली आहेत.

जिल्हा बदलला असेल

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ लिहिलं असेल तर गाव आज साताऱ्यात असेलच असं नाही. १९४९मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिण साताऱ्याला १९६०मध्ये सांगली हे नाव मिळालं. म्हणजे १९२० सालच्या कागदावर ‘तालुका वाळवा, जिल्हा सातारा’ असेल तर तो शोध आज सांगली जिल्ह्यात करायचा.

बाकी महाराष्ट्रातही हेच आहे. खानदेश १९०६मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि त्यातून १९९८मध्ये नंदुरबार निघाला. कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, दोन्ही १९८१मध्ये. जालनाही त्याच वर्षीचा. लातूर आणि गडचिरोली १९८२चे, पालघर २०१४चा. वऱ्हाडात बाशिम आणि एलिचपूर हे स्वतंत्र जिल्हे होते, ते १९०५मध्ये मोडले. त्याआधीच्या जनगणनेत अचलपूर शोधायचं तर एलिचपूर जिल्ह्याचा खंड काढावा लागतो.

मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याचे खंड मुंबईच्या नव्हे, हैदराबादच्या संचात सापडतात. संस्थानांकडेही लक्ष असू द्या. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा, जव्हार. एक गाव इंग्रजी हद्दीत आणि शेजारचं संस्थानात, अशी सरमिसळ सगळीकडे होती. संस्थानाचं दप्तर पुढे कुठल्या तहसिलीत गेलं, हे आधी विचारून घ्या.

गाव नमुना १४

गाव नक्की झालं की नावं शोधायची. जन्म-मृत्यूच्या नोंदी गावात पोलीस पाटलाकडे होत, आणि ती वही म्हणजे गाव नमुना १४. विदर्भात तिलाच कोतवाल बुक म्हणतात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर हे काम ग्रामपंचायतीकडे आलं. जुन्या वह्या बहुतेक ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहेत.

तिथे तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या. गाव, तालुका, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणाचं नाव आणि नातं काय, एवढं पुरे. एकच वर्ष लिहू नका, पाच-सात वर्षांचा पट्टा मागा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. वह्या जीर्ण असतात, म्हणून स्वतः पान उलटायचा आग्रह न धरता ‘आपल्या समक्ष पाहू द्यावं’ अशी विनंती केली की बहुतेक वेळा होकार मिळतो. काहीच उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, त्याला ३० दिवसांची मुदत असते. अभिलेख कक्षातली माणसं दिवसभर लोकांच्या घाईत असतात. महिन्याच्या शेवटी किंवा दाखल्यांच्या हंगामात, जून-जुलैत, जाऊ नका.

या वहीत बाळाचं नाव शोधू नका. बारशाआधीच नोंद होई, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात आणि तारीख एवढंच असतं. बापाच्या नावाने शोधायचं आणि भावंडांचा क्रम लावून कोण कोणतं ते ओळखायचं. मृत्यूच्या पानावर मात्र नाव, वय आणि कारण असतं. १९१८ची पानं मी पाहिली तेव्हा ऑक्टोबरच्या नोंदी संपता संपत नव्हत्या. एकाच घरातली तीन नावं एकाखाली एक, कारणाच्या रकान्यात प्रत्येकापुढे ‘ताप’. त्यातलं एक नाव आमच्या घरचं होतं, आणि ते नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

कराडला पणजोबांच्या दोन भावांच्या आणि एका बहिणीच्या जन्माच्या नोंदी मिळाल्या. पणजोबा थोरले, त्यांची नाही. मी पट्टा वाढवला, पंधरा वर्षं पाहिली, तरी नाही. तिथल्या एका निवृत्तीला आलेल्या कारकुनांनी वही मिटत मला विचारलं, “पहिलंच पोर ना? मग ते इथं कसं सापडेल, साहेब? पहिलं बाळंतपण माहेरी.”

हे घरातल्या कुठल्याही बाईने मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं. आपण ‘मूळ गाव’ शोधतो ते बापाकडचं, आणि जन्म झालेला असतो आईच्या माहेरी. नोंद जन्म होतो त्या गावात होते. जनगणनेतही जन्मस्थळ म्हणून तेच गाव लागतं, मग माणूस तिथे पुढे एक दिवसही राहिलेला नसो. थोरल्या अपत्याचा शोध घेताना आईचं माहेर पहिलं पाहा आणि बापाचं गाव नंतर.

शाळेचं रजिस्टर

ज्यात नावापुढे जन्मगाव थेट लिहिलेलं असतं असा सर्वांत सोपा कागद शाळेत असतो. प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजेच जनरल रजिस्टर. तिच्यात विद्यार्थ्याचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि ही रजिस्टरं मुख्याध्यापकांच्या कपाटात जपलेली आहेत. पणजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचा धाकटा भाऊ गेला असेल. त्याचाही कागद बघा. मुली शाळेत जात नव्हत्या असं गृहीत धरू नका, कन्याशाळेचं रजिस्टर स्वतंत्र असतं.

मुंबईतल्या पालिका शाळांत शिकलेल्यांच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कधी नुसतं ‘सातारा’ दिसेल. ‘आधीची शाळा’ हा रकाना तिथे कामी येतो. गावचं नाव बहुधा त्यात असतं.

क्षेत्रस्थळीच्या नामावळ्या

पणजोबांच्या आजोळचं गाव मला कळलं ते नाशिकला. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. त्या गाव आणि आडनाव यांप्रमाणे लावलेल्या असतात. कोणत्या गावचे यजमान कोणत्या घराण्याकडे, हे ठरलेलं असतं. रामकुंडावर जाऊन आपलं आडनाव आणि गाव सांगितलं की कोणाकडे जायचं ते तिथली माणसंच सांगतात. म्हणून गाव आधी नक्की झालेलं बरं.

सांगितल्यावर गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही सोडली, दहा-बारा पानं उलटली आणि बोट ठेवलं. पणजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. वडील, आजोबा, चुलते अशी नावं होती आणि खाली त्यांची स्वतःची सही, काटकोनी, सावकाश काढलेली. श्राद्धाला आईकडच्या पितरांचीही नावं लागतात, त्यामुळे मातुल घराण्याचं आडनाव आणि गावही तिथे लिहिलेलं होतं. गाव वाळवा तालुक्यातलं.

वहीचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि यथाशक्ति दक्षिणा द्या. या वह्या त्यांनी स्वतःच्या खर्चाने, वाळवी आणि पुरापासून वाचवत जपल्या आहेत. आपल्या घरातली त्यानंतरची नावं सांगून तीही लिहून घ्यायला सांगा. पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी ती लागतील.

मोडी, शके आणि फसली

१९५०च्या आधीचं गावदप्तर बरंचसं मोडी लिपीत आहे. घाबरून जाऊ नका. सगळी मोडी शिकायची गरज नाही, आपलं आडनाव, गावाचं नाव आणि दहा-बारा शब्द ओळखू आले तर पान चाळता येतं. सापडलेल्या पानाचं लिप्यंतर मोडी जाणकाराकडून करून घ्या. सरकारी कामासाठी हवं असेल तर जाणकार अधिकृत आहे ना ते पाहा.

काही शब्द इथेच लिहून ठेवतो, कारण मोडीचं देवनागरी झालं तरी ते अडतात. ‘रामजी बिन सखोजी’ म्हणजे सखोजीचा मुलगा रामजी. खानदेश, वऱ्हाड, मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी ‘वलद’ दिसेल. बाईच्या नावापुढे ‘कोम’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं, कुठे ‘भ्रतार’ही असतं. ‘मयत’ म्हणजे वारलेला. ‘रा. मजकूर’ दिसलं तर मजकूर नावाचं गाव नकाशात शोधू नका, त्याचा अर्थ ‘राहणार याच गावात’. आणि ‘ह. मु. मुंबई’ म्हणजे हल्ली मुक्काम मुंबई. गिरणगावात गेलेल्या माणसाचा माग ‘ह. मु.’ हीच दोन अक्षरं देतात.

कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. मराठवाड्यात फसली साल, म्हणजे निजामी महसुली वर्ष येतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. तिथलं जुनं दप्तर उर्दूतही आहे, तेव्हा उर्दू वाचणारी व्यक्ती सोबत ठेवा. मराठवाड्यातल्या जमिनीसाठी १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक हा चांगला आधार आहे.

एक अपवाद: १९५१ची नोंदवही

जनगणनेत नावं मिळत नाहीत असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. १९५१च्या जनगणनेच्या वेळी गणनेदारांच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर उतरवून घेतलं होतं. गावातली घरं क्रमाने आणि प्रत्येक घरातल्या माणसांची नावं. आसाममुळे हे रजिस्टर सगळ्यांना माहीत झालं. महाराष्ट्रात २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासायच्या महसुली अभिलेखांच्या यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही यांच्या जोडीला ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर सन १९५१’ हेही होतं. त्या मोहिमेत कितीतरी तालुक्यांची जुनी दप्तरं झटकून, लावून ठेवली गेली. आपल्या तहसिलीत हे रजिस्टर शिल्लक आहे का, हे अर्जात नाव घेऊन विचारा. नाव घेतल्याशिवाय कुणी आपण होऊन दाखवणार नाही.

समुद्रापार गेलेले

मॉरिशसला ऊस मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांना हा शोध उलट्या बाजूने करावा लागतो, आणि त्यांच्याकडे कागद आपल्यापेक्षा चांगले आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत १८३४पासून आलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत. मजुराचा क्रमांक, बापाचं नाव, जात, जिल्हा, परगणा, गाव अशा नोंदी त्यांत आहेत. अडचण स्पेलिंगची. इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं आहे. गावाचं नाव मोठ्याने म्हणून पाहायचं, आणि मग रत्नागिरीच्या जुन्या जनगणना पुस्तिकेत त्या उच्चाराच्या जवळचं गाव शोधायचं.

इंग्लंडला गेलेल्या पूर्वजांसाठी तिथल्या जनगणनेत नाव मिळेल, पण जन्मस्थळाच्या जागी बहुतेक वेळा ‘मुंबई’ किंवा नुसतं ‘हिंदुस्थान’. १९३१ची इंग्लंड-वेल्सची पानं १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे गणनाच झाली नाही, त्यामुळे १९२१नंतर मोठी पोकळी आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती पूर्वजांसाठी गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही हा पहिला आधार.

फेरफार, आणि पणजोबांची आई

जमीन असेल तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार, काढाच. माणूस वारला की वारसांची नोंद होते. मुलगे, विधवा, कधी मुली, त्यांची वयं आणि कोण कुठे राहतं, हे सगळं त्या चार ओळींत असतं. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, त्यावरून एकेक पायरी मागे जायचं. राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. आधी तिथे पाहा, मग तहसिलीत जा.

वाळवा तालुक्याच्या कचेरीत नमुना १४मध्ये पणजोबांचा जन्म मिळाला. तारीख, ‘मुलगा’, बापाचं नाव, आणि शेऱ्यात ‘रा. वडगाव, ता. कराड’. एवढीच ओळ, पण तिच्यासाठी दोन वर्षं गेली होती.

मग त्याच गावचा फेरफार मागितला. पणजोबांच्या आईचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडगावच्या कुठल्याही कागदात ती नाही. जन्माच्या नोंदी बापाच्या नावावर, सातबारा पुरुषांच्या नावावर, नाशिकच्या वहीतही तिच्या माहेरचं घराणं होतं पण ती नव्हती. तुमच्याही घरात एखादी बाई अशी नाहीशी झाली असेल तर तिला तिच्या बापाच्या गावात शोधा, विशेषतः तिला भाऊ नसेल तर. मुलगा नसलेल्या बापाची जमीन मुलीकडे येई आणि मग तिचं नाव लिहावंच लागे.

तिला भाऊ नव्हता. नोंद मोडीत होती, लिप्यंतर हातात यायला आठ दिवस लागले. ‘खातेदार मयत. वारस मुलगी भागीरथी कोम,’ पुढे माझ्या खापरपणजोबांचं नाव, ‘रा. वडगाव, वय वर्षे ३२.’ खाली साक्षीदारांची नावं आणि शेवटी तिच्या डाव्या हाताचा अंगठा.

त्या दिवशी संध्याकाळी मी आत्याला फोन करून नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि विचारलं, वाळव्याला जायला सकाळची एसटी किती वाजता आहे.